नर खेकड्याचं जननांग आणि खेकड्यांचं वर्गीकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस पडला की सह्याद्रीच्या घाटांत आणि कातळसड्यांवर जांभळे, केशरी, दुरंगी खेकडे बाहेर पडतात. लोक हौसेने फोटो काढतात आणि विचारतात, "ही जात कोणती?" पाठीच्या फोटोवरून या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर बहुतेक वेळा देता येत नाही. ते खेकड्याच्या पोटाखाली, एका झडपेआड असतं, आणि तेही प्रौढ नरातच नीट वाचता येतं. हा विषय चारचौघांत बोलायला लोक संकोचतात, शाळेच्या पुस्तकांत तो येत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

खेकडा नर आहे की मादी, हे कसं ओळखायचं?

खेकडा उताणा केला की पोटावर घट्ट चिकटलेली एक झडप दिसते. ती म्हणजे खेकड्याचं उदर. कोळंबीचं जे मांसल शेपूट आपण खातो, तोच हा भाग. खेकड्यात तो चपटा होऊन छातीखाली दुमडला गेला आहे. झडप अरुंद, त्रिकोणी किंवा उलट्या टी अक्षराच्या आकाराची असेल तर तो नर. रुंद, गोलसर आणि जवळजवळ सगळी छाती झाकणारी असेल तर ती प्रौढ मादी. कोकणात बाजारात चिंबोऱ्या निवडून घेणाऱ्यांना हे पाठ असतं. मोठे डेंगे हवे असतील तर नर घ्यायचा, अंडी हवी असतील तर मादी, आणि त्यासाठी हात आधी खेकडा उलटा करतो.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. वयात न आलेल्या मादीची झडपही अरुंदच असते, आणि लहान खेकड्यांत इथेच फसगत होते. शंका आली तर झडप अलगद उचलून आत पाहावं. मादीला तिथे उपांगांच्या चार जोड्या असतात, नराला दोनच.

या दोन जोड्या म्हणजेच गोनोपॉड (मिलनासाठी बदललेले पाय) का?

होय. कोळंबी ज्या पोटपायांनी पोहते, तेच पाय खेकड्यांत दुसऱ्या कामाला लागले. मादीत ते केसाळ झाले आणि अंडी धरून ठेवू लागले. नरात उदराच्या पहिल्या आणि दुसऱ्या खंडावरचे पाय मिलनासाठी बदलले. खंड ३ ते ५ वरचे पाय बहुतेक खेकड्यांच्या नरांत नाहीसेच झाले. पहिल्या खंडावरची जोडी म्हणजे पहिला गोनोपॉड, दुसऱ्यावरची म्हणजे दुसरा गोनोपॉड. अभ्यासक बोलताना त्यांना जी-वन आणि जी-टू म्हणतात.

पहिला गोनोपॉड बहुधा मोठा आणि कडक असतो. तो मुळात सपाट पाता. कडा आत वळून एकमेकींवर आल्या आणि त्याची नळी झाली. बुडाशी या नळीचं तोंड रुंद, टोकाशी बारीक. दुसऱ्याची लांबी गटागणिक फार बदलते. काही कुळांत तो पहिल्याएवढा किंवा त्याहून लांब, तर काहींत आखूड ठोकळा. वर्गीकरण करताना ही लांबीसुद्धा टिपावी लागते.

मग गोनोपॉड म्हणजे खेकड्याचं लिंग, असंच ना?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत जास्त आढळतो. खेकड्याचं लिंग वेगळं असतं. ती एक मऊ, पडद्यासारखी छोटी नळी असते, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. ती शेवटच्या, म्हणजे पाचव्या जोडीच्या पायाच्या बुडातून किंवा त्याच्याजवळ छातीच्या पाट्यातून, म्हणजे छातीच्या कवचाच्या खालच्या तुकड्यातून, बाहेर येते. शरीरातलं वीर्य या मऊ नळीतून निघतं. गोनोपॉड हे उदराचे पाय. ते वीर्य तयार करत नाहीत आणि वृषणाशी त्यांचा आतून काही संबंध नसतो. ते फक्त पोचवण्याचं काम करतात.

म्हणजे नराच्या मिलनयंत्रणेचे तीन भाग आहेत: लिंग, पहिला गोनोपॉड, दुसरा गोनोपॉड. खेकड्यांच्या वर्गीकरणात या तिघांचीही साक्ष निघते, पण वेगवेगळ्या पातळीवर. लिंग कुठून बाहेर येतं यावरून मोठे गट ठरतात. पहिल्या गोनोपॉडच्या आकारावरून वंश आणि जाती ओळखल्या जातात. या दोन गोष्टींची गल्लत केली की पुढचं सगळं गोंधळाचं होतं, म्हणून हे उत्तर नीट वाचून मगच पुढे जावं.

वीर्य मादीपर्यंत पोचतं कसं?

मिलनाच्या वेळी नर आणि मादी पोटाला पोट लावतात आणि दोघांच्या झडपा उघडतात. मऊ लिंग पहिल्या गोनोपॉडच्या बुडाच्या तोंडात शिरलेलं असतं आणि त्याच तोंडातून दुसरा गोनोपॉडही आत जातो. पहिल्याचं टोक मादीच्या जननछिद्रात असतं. वीर्य नळीत उतरलं की दुसरा गोनोपॉड पुढे-मागे सरकून ते रेटतो. होळीच्या पिचकारीत दट्ट्या पाणी ढकलतो, साधारण तसंच. ज्या गटांत दुसरा गोनोपॉड फारच आखूड असतो, तिथे तो नळीच्या वरच्या टोकापर्यंत पोचू शकत नाही. अशा वेळी तो बुडाशीच दाब देतो, नळी बंद ठेवतो, असं मानलं जातं.

चिंबोरीच्या कुळात मादी कात टाकून मऊ झालेली असतानाच मिलन होतं. नर त्याआधी तिला पोटाखाली धरून हिंडतो आणि राखण करतो. खडकांवरच्या आणि वाळूतल्या अनेक खेकड्यांत मात्र मादी कडक कवचातच असते. त्या माद्यांच्या छिद्रावर हलणारं झाकण असलेलं आढळतं, ते तेवढ्यापुरतं मऊ होऊन उघडतं.

शरीराच्या आत काय असतं?

वृषणांची जोडी पाठीच्या कवचाखाली, पाचकग्रंथीच्या वरच्या अंगाला पसरलेली असते. दोन्ही वृषणं मधल्या पुलाने जोडलेली, म्हणून एकूण आकार इंग्रजी एच अक्षरासारखा दिसतो. तिथून दोन वळणदार शुक्रवाहिन्या निघतात. त्यांत शुक्राणूंभोवती वेष्टनं चढतात आणि त्यांच्या पुड्या बनतात. या पुड्यांना शुक्राणुधर म्हणतात.

खेकड्याच्या शुक्राणूला शेपूट नसते, त्यामुळे तो पोहत नाही. मध्ये एक गोल, गुंतागुंतीचा भाग आणि बाजूंनी निघालेले हात, असं त्याचं रूप असतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा मधला भाग गटागणिक वेगळा दिसतो. ऑस्ट्रेलियातले बॅरी जेमीसन यांनी अनेक कुळांचे शुक्राणू तपासून त्यांवरून खेकड्यांची नाती जुळवली. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत शुक्राणू एकेकटे वेष्टनात असतात की गठ्ठ्याने, हेही लक्षण म्हणून वापरलं जातं.

शुक्रवाहिनीच्या शेवटच्या भागाला एक इवलीशी ग्रंथी चिकटलेली असते, नरग्रंथी. हिचा शोध फ्रान्सच्या एलेन शार्नियो-कोतों यांनी १९५४ मध्ये खेकड्यांच्या एका दूरच्या नातेवाइकात, किनाऱ्यावर उड्या मारणाऱ्या ॲम्फिपॉडमध्ये लावला. कवचधारींत, म्हणजे खेकडे-कोळंबींच्या मोठ्या गटात, नरपण या ग्रंथीच्या संप्रेरकावर चालतं. गोनोपॉडची वाढ, अरुंद झडप, सगळं त्यातून येतं.

जननछिद्रांच्या जागेवरून खेकड्यांचे मोठे गट कसे पाडले?

हे काम पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या दानिएल गिनो यांचं. १९७७ पासून त्यांनी एक साधा प्रश्न लावून धरला: नराचं आणि मादीचं जननछिद्र पायाच्या बुडात आहे की छातीच्या पाट्यावर? त्याआधी खेकड्यांचे मोठे गट तोंडाचा आकार, कवचाची ठेवण अशा गोष्टींवरून पाडले जात. एकाच राहणीमुळे दूरच्या खेकड्यांतही या गोष्टी सारख्या होऊ शकतात. छिद्राची जागा राहणीप्रमाणे सहज बदलत नाही.

गिनो यांच्या मांडणीत तीन गट झाले. पहिला पोडोट्रेमाटा: यात दोघांचीही छिद्रं पायांच्या बुडात, मादीचं तिसऱ्या जोडीच्या आणि नराचं पाचव्या. पाठीवर स्पंजाचा तुकडा घेऊन फिरणारे ड्रोमिया खेकडे इथले. दुसरा हेटेरोट्रेमाटा: मादीचं छिद्र छातीच्या सहाव्या पाट्यावर सरकलं, नराचं मात्र पायाच्या बुडातच राहिलं. आपली चिंबोरी, तीन ठिपक्यांचा समुद्री खेकडा, पाठीवर क्रूसाची खूण असलेला खेकडा आणि सह्याद्रीतले सगळे गोड्या पाण्याचे खेकडे या गटात येतात. तिसरा थोराकोट्रेमाटा: दोघांचीही छिद्रं छातीवर, नराचं आठव्या पाट्यातून. पुळणीवर वाऱ्यासारखे धावणारे भुते खेकडे, एक डेंगा भलामोठा असलेले फिडलर, ओहोटीला वाळूच्या गोळ्यांची नक्षी मांडणारे डोटिला, खडकांवरचे ग्रॅप्सस हे सगळे यात.

हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. रत्नागिरी किंवा मालवणच्या किनाऱ्यावर मेलेला भुता खेकडा आणि बाजारातली चिंबोरी शेजारी ठेवून, झडप उचलून, भिंगाने लिंगाचा उगम शोधला तर फरक स्वतःच्या डोळ्यांना दिसतो. जीवशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने विद्यार्थ्यांकडून हे एकदा करून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

ही मांडणी आजही तशीच मान्य आहे का?

पुष्कळशी. हेटेरोट्रेमाटा आणि थोराकोट्रेमाटा मिळून युब्रॅक्युरा हा मोठा गट होतो, त्यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो पोडोट्रेमाटावर. त्यांची छिद्रं पायांत आहेत म्हणजे त्यांनी फक्त जुनी अवस्था टिकवली. तेवढ्याने ते एकमेकांचे सख्खे ठरत नाहीत. शरीररचनेच्या आणि डीएनएच्या काही अभ्यासांत या गटाचे तुकडे पडतात आणि काही तुकडे युब्रॅक्युराच्या अधिक जवळ जातात.

दोन टोकांच्या मधल्या अवस्थाही आहेत. काही हेटेरोट्रेमाटांत लिंग पायाच्या बुडातूनच निघतं, पण छातीचे दोन पाटे पुढे येऊन त्याला झाकतात, आणि वरून पाहणाऱ्याला ते छातीतूनच आल्यासारखं दिसतं. गिनो, ताव्हारेस आणि कास्त्रो यांनी २०१३ मध्ये या सगळ्या प्रकारांचा मोठा आढावा घेतला. लिंगाचा उगम, त्यावरचं आवरण, झडपेचं कुलूप अशा बाबी त्यांनी एकत्र तपासल्या. झडपेचं हे कुलूपही पाहण्यासारखं असतं. युब्रॅक्युरात छातीच्या पाचव्या पाट्यावर एक छोटी गाठ असते आणि झडपेच्या सहाव्या खंडावर तिला बसेल अशी खोबण. जाणकार त्याला प्रेस-बटण म्हणतात. झडप बंद असताना गोनोपॉड आत सुरक्षित राहतात ते याच्यामुळे.

जात ओळखण्यासाठी पहिल्या गोनोपॉडवर एवढा भर का?

कारण बाकीची लक्षणं दगा देतात, गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत तर फारच. ओढ्याकाठी बिळात राहणाऱ्या खेकड्याचं कवच गुळगुळीत आणि फुगीर होतं, मग तो कोणत्याही वंशाचा असो. रंग अल्कोहोलमध्ये काही दिवसांत उडून जातो, आणि जिवंतपणीही एकाच जातीत रंगाच्या छटा असतात. डेंगे वयाप्रमाणे वाढतात, तुटतात, पुन्हा उगवतात. पहिला गोनोपॉड मात्र प्रौढ नरात ठरावीक आकाराचा असतो, कडक असल्याने साठवणीत बिघडत नाही, आणि शंभर वर्षांपूर्वी बाटलीत ठेवलेल्या नमुन्यातही तसाच पाहता येतो.

हे महत्त्व ओळखायला वेळ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मेरी रॅथबन यांनी जगभरच्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर मोठं काम केलं. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे माजी अधीक्षक आल्फ्रेड अल्कॉक यांनी १९१० मध्ये भारतातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांची सूची काढली. दोघांचाही भर मुख्यतः कवच, कपाळाची कड, जबडे यांवर होता. फ्रँकफर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयातल्या रिचर्ड बॉट यांनी गोनोपॉड केंद्रस्थानी आणला आणि १९७० मध्ये युरोप, आशिया, ऑस्ट्रेलियातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांची नवी मांडणी केली. सह्याद्रीतला गुबर्नेटोरियाना हा वंश बॉट यांनीच त्या वर्षी स्थापला. त्यांनी पाडलेली बरीचशी कुळं पुढे टिकली नाहीत, कारण गोनोपॉडमधल्या प्रत्येक फरकाला त्यांनी जरा जास्तच वजन दिलं. तरी खेकड्याची जात सांगायची तर झडप उचलायची, ही शिस्त त्यांच्या कामाने पक्की झाली. माझ्या मते ते ऋण त्यांच्या चुकांपेक्षा मोठं आहे.

पण हे अवयव जातीगणिक इतके वेगळे होतात तरी का?

सर्वांत जुनं स्पष्टीकरण फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लेओं द्युफूर यांनी १८४४ मध्ये कीटकांबाबत दिलं: कुलूप आणि किल्ली. नराचा अवयव त्याच जातीच्या मादीला बसतो, दुसरीला नाही, त्यामुळे जाती मिसळत नाहीत. ऐकायला पटतं, पण तपासल्यावर अनेक प्राण्यांत कुलूप फार सैल निघतं. नरांत मोठे फरक असूनही माद्या जवळजवळ सारख्याच. आज अधिक पाठबळ आहे ते लैंगिक निवडीला. मादीच्या शरीरात शुक्राणू साठवण्याची पिशवी असते, आणि एकाहून अधिक नरांचं वीर्य तिथे पोचू शकतं. मग ज्याचा गोनोपॉड ते अधिक चांगल्या जागी पोचवेल त्याची पिल्लं जास्त. अशी स्पर्धा पिढ्यान्‌पिढ्या चालली की आकार झपाट्याने बदलतात.

गोड्या पाण्यात यात आणखी एक गोष्ट भर घालते. समुद्री खेकड्यांच्या अळ्या प्रवाहाबरोबर दूर जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना अळीची अवस्थाच नसते. मोजकी, मोठी अंडी, आणि त्यांतून थेट चिमुकले खेकडे. आई त्यांना काही काळ झडपेखालीच बाळगते. पिल्लं लांब जात नाहीत, त्यामुळे एका डोंगराच्या सड्यावरचा गट शेजारच्या डोंगरावरच्या गटापासून तुटून पडतो. जगात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या १,३०० हून अधिक जाती नोंदल्या आहेत, त्यांतल्या कित्येक एखाद-दुसऱ्या ठिकाणापुरत्याच आहेत.

सह्याद्रीतलं ठोस उदाहरण सांगता येईल?

भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. समीर कुमार पती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या खेकड्यांवर सातत्याने काम केलं आहे. २०१४ मध्ये पती आणि शर्मा यांनी घाटियाना हा वंश स्थापला. २०१६ मध्ये पती, तेजस ठाकरे आणि खैरे यांनी घाटियाना आणि गुबर्नेटोरियाना या वंशांतल्या पाच नव्या जातींचं वर्णन केलं. २०१८ मध्ये पती आणि ठाकरे यांनी दोन्ही वंश पुन्हा तपासले आणि सह्याद्रियाना हा तिसरा वंश वेगळा काढला. वर्तमानपत्रांत या खेकड्यांचे रंगीत फोटो छापून आले, कौतुकही झालं. मूळ शोधनिबंधात मात्र जागा अडवतात ती पहिल्या आणि दुसऱ्या गोनोपॉडची रेखाटनं: टोकाचा खंड किती लांब, सरळ की बाहेर वळलेला, जाड की निमुळता, छातीच्या कोणत्या पाट्यापर्यंत पोचतो.

केरळमध्ये २०१७ मध्ये झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या कानी मरंजंडू या खेकड्याचं वर्णन झालं, तेव्हाही लांब पाय आणि कवचाच्या आकाराबरोबर नराची झडप आणि गोनोपॉड यांच्या आधारेच तो नवा वंश ठरला. झाडावर राहणं ही बातमी होती. वर्गीकरणासाठी पुरावा शरीराचाच लागला.

प्रयोगशाळेत गोनोपॉड तपासतात कसा?

आधी खेकडा पूर्ण वाढलेला नर आहे याची खात्री करतात. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याची झडप उघडून बारीक चिमट्याने एका बाजूचा, प्रथेप्रमाणे डावा, पहिला गोनोपॉड बुडाशी सोडवतात. डावाच का? जगभरच्या रेखाटनांची तुलना सोपी जावी म्हणून. उजवा नमुन्यातच राहतो, पुढच्या अभ्यासकासाठी. गोनोपॉड काढण्याआधी तो जागेवर असतानाचं चित्र मात्र घेतलंच पाहिजे, कारण छातीच्या पोकळीत तो किती वर पोचतो हे नंतर कळत नाही. घाईत हा टप्पा गाळला जातो आणि मग त्याची भरपाई होत नाही.

पुढे स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली, कॅमेरा ल्युसिडाच्या (प्रतिमा कागदावर पाडून गिरवू देणाऱ्या साधनाच्या) मदतीने दोन बाजूंनी रेखाटन करतात. फोटो असतोच, पण रेखाटन करताना प्रत्येक कडेवर थांबावं लागतं; केसांची रांग कुठे सुरू होते, टोकाचा सांधा कुठे आहे, खाच किती खोल, हे हाताने काढल्याशिवाय नीट कळत नाही. अगदी बारीक काटे पाहायचे असतील तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. सुटा केलेला गोनोपॉड छोट्या कुपीत, चिठ्ठीसह, मूळ नमुन्याच्याच बाटलीत ठेवतात. चिठ्ठीवाचून कुपी म्हणजे वाया गेलेला नमुना.

फक्त मादी किंवा पिल्लू सापडलं तर?

बहुतेकदा वंशापर्यंत पोचता येतं, जातीपर्यंत नाही. मादीच्या छिद्राचा आकार आणि जागा यांचा उपयोग आता वाढतो आहे, पण जुन्या वर्णनांत ती माहिती क्वचितच असते. अर्धवट वाढलेल्या नराचा गोनोपॉड तर सरळ दिशाभूल करतो, कारण टोकाचा खंड आखूड असतो, वळण आलेलं नसतं, केस नसतात. नव्या जातीचा मुख्य नमुना म्हणून अभ्यासक शक्यतो प्रौढ नरच का निवडतात, ते यावरून कळेल. जुन्या काळी काही जाती मादीवरून किंवा लहान नरावरून वर्णिल्या गेल्या, आणि त्यांची नावं कोणाला लावायची याचा निकाल लावायला आजच्या अभ्यासकांना त्याच ठिकाणी जाऊन पुन्हा नर शोधावे लागतात.

गोनोपॉड नेहमीच निकाल देतो का?

नाही. आपल्या ताटातलीच चिंबोरी घ्या. १९४९ मध्ये फिलिपिन्समध्ये एस्टाम्पाडोर यांनी चिंबोरीच्या स्कायला वंशात तीन जाती आणि एक उपप्रकार मानले. १९६० मध्ये स्टीफन्सन आणि कॅम्पबेल यांनी ही सगळी एकच जात ठरवली. १९९८ मध्ये कीनन, डेव्ही आणि मान यांनी प्रथिनं आणि डीएनए तपासून चार जाती पक्क्या केल्या. बाहेरून त्या ओळखायच्या त्या कपाळाच्या दात्यांचा आकार आणि डेंग्याच्या मनगटावरचे काटे पाहून. गोनोपॉडने तिथे फारशी मदत केली नाही.

भारतात याचे परिणाम व्यवहारात दिसले. आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः स्कायला सेराटा आणि स्कायला ऑलिव्हेसिया या दोन जाती आहेत, पण सेराटाला वर्षानुवर्षं ट्रँक्वेबेरिका म्हटलं गेलं आणि ऑलिव्हेसियाला सेराटा. एक झपाट्याने मोठी होते, दुसरी लहान राहते. सिंधुदुर्गात कांदळवनालगत चिंबोरीपालन करणाऱ्याला आपण कोणतं बीज सोडतो आहोत हे माहीत असायला हवं, नाहीतर हिशेब चुकतो.

जिथे गोनोपॉडने व्यवहारातला प्रश्न सोडवला, असं उदाहरण आहे?

युरोपचा हिरवा किनारी खेकडा. अटलांटिक बाजूचा कार्सिनस मीनास आणि भूमध्य समुद्रातला कार्सिनस एस्ट्युआराय, दोघे दिसायला इतके सारखे की अनेकांनी ते एकच मानले. जहाजांबरोबर हे खेकडे जगभर पसरले आणि स्थानिक शिंपल्यांवर तुटून पडले, तेव्हा कुठे कोण पोचला हे कळणं गरजेचं झालं. नराची झडप उचलली की फरक दिसतो: मीनासचे पहिले गोनोपॉड बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकलेले, एस्ट्युआरायचे सरळ आणि एकमेकांना समांतर. दक्षिण आफ्रिका आणि जपान या दोन्हीकडे दोन्ही जातींचा वारसा पोचल्याचं डीएनएने दाखवलं. जपानसारख्या ठिकाणी, जिथे संकर झालेला आहे, तिथे गोनोपॉड एकटा पुरत नाही.

डीएनए असताना आता गोनोपॉड पाहायची गरज काय?

दोन्ही लागतात. डीएनएने गोनोपॉडवर उभारलेल्या काही भिंती पाडल्या. पॅराथेल्फ्युसिडी हे कुळ पूर्वी वेगळं मानलं जाई. २००६ पासूनच्या अभ्यासांनंतर ते गेकार्सिन्युसिडी या कुळात सामावलं गेलं, आणि आपल्या सह्याद्रीतले खेकडे याच कुळातले. उलट बाजूने, जुन्या संग्रहालयांतल्या फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या नमुन्यांतून उपयोगी डीएनए निघणं अवघड असतं. अल्कॉक यांच्या काळातल्या नमुन्याशी आजचा खेकडा जुळतो का, हे सांगायला हाती राहतो तो गोनोपॉड. शिवाय डीएनएची नुसती साखळी हातात असेल तर ती कोणत्या नावाच्या जातीची, हे आधी कोणीतरी शरीर पाहून ठरवलेलं असावं लागतं. चुकीच्या नावाने साठवलेली साखळी पुढच्या सगळ्यांना चुकवते. शरीररचना वाचता येणारी माणसं आपल्याकडे कमी होत चालली आहेत, याची मला खरी काळजी वाटते.

नर असूनही झडप रुंद दिसते, असं होतं का?

होतं. सॅक्युलिना नावाचा एक परजीवी आहे, खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकलच्या नात्यातला. तो खेकड्याच्या शरीरात मुळांसारखे धागे पसरतो आणि पोटाच्या झडपेखाली पिशवीच्या रूपाने बाहेर येतो. त्याने नरग्रंथी बिघडते आणि पुढच्या कातींत नराची झडप मादीसारखी रुंदावते, गोनोपॉड खुरटतात. असा नर ती पिशवी स्वतःची अंडी असल्यासारखी जपतो. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड जियार यांनी एकोणिसाव्या शतकातच या परजीवी खच्चीकरणाचं वर्णन केलं होतं. अशा खेकड्यावरून जात ठरवू नये.

शंखातले खेकडे आणि किंग क्रॅब यांनाही हेच लागू आहे?

नाही. ते खऱ्या खेकड्यांचे चुलत, अ‍ॅनोम्युरा गटातले. किंग क्रॅबच्या नराला गोनोपॉड नसतातच. नावात क्रॅब असलेला हॉर्सशू क्रॅब तर खेकड्यांपेक्षा कोळी-विंचवांच्या जवळचा.

मला वेगळाच दिसणारा खेकडा सापडला. काय करू?

मारू नका, आणि जिवंत खेकड्याची झडप जबरीने उचकटू नका. गोनोपॉड मोडू शकतात आणि नर अधू होतो. वरून, समोरून आणि हातात सावकाश उलटा धरून खालून असे फोटो घ्या. खालच्या फोटोत झडपेचा आकार आणि तिच्या प्रत्येक खंडाची रुंदी स्पष्ट यायला हवी. मोजपट्टी शेजारी ठेवा. ठिकाण, उंची, तारीख आणि तो ओढ्यात, बिळात, कातळाच्या फटीत की झाडाच्या ढोलीत होता, हे लिहा. गावात त्याला काय म्हणतात तेही विचारून टिपा. भातखाचरातल्या मुठ्यापासून डोंगरातल्या खेकड्यापर्यंत लोक जे भेद करतात, ते पुष्कळदा खऱ्या भेदांवर बोट ठेवतात.

ही माहिती आकुर्डीच्या केंद्राकडे किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाकडे पाठवा. नमुना गोळा करायचाच झाला तर तो परवानगी असलेल्या अभ्यासकानेच करावा. अभयारण्य आणि राखीव जंगलात वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही. दुर्मीळ रंगीत खेकड्याचं नेमकं ठिकाण जाहीरपणे टाकू नका. काही जाती एकाच सड्यावर आहेत आणि त्यांना पाळीव म्हणून विकू पाहणारे लोकही आहेत. फोटोखाली जातीचं नाव लिहायचा मोह आवरा. "घाटियाना वंशातला असावा, नर, झडप अरुंद, अमुक घाट" एवढी नोंद अभ्यासकाला चुकीच्या नावापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.